एकाच झाडाची लाखो झाडं: साकुराची गोष्ट

हेडफोन घरी राहिलेत, ट्रेनमध्ये नीट ऐकू येत नाही किंवा मुळात वाचायलाच आवडतं, अशा सगळ्यांसाठी हा या भागाचा लेखी मजकूर. मधले 'अं' आणि पाण्याचे घोट काढून टाकलेत. बाकी जसं बोललो तसंच.

आजचा विषय आहे साकुरा, म्हणजे जपानचं चेरी ब्लॉसम. मार्च उजाडला की आपल्या सगळ्यांच्या फोनवर त्याच रील्स सुरू होतात. नदीचा काठ, दोन्ही बाजूंनी पांढरट गुलाबी फुलांचा बोगदा, वारा आला की पाकळ्यांचा पाऊस. खाली कमेंट्समध्ये 'एकदा तरी जायचंय'.

जायचं तर आहेच. पण ते बघताना एक गोष्ट खटकायला हवी. ही सगळी झाडं एकदम कशी काय फुलतात? आपल्याकडे एका रस्त्यावर दहा गुलमोहर असले, तर एक एप्रिलमध्येच पेटलेला असतो, दुसरा अर्धवट फुललेला असतो आणि तिसरा अजून गेल्या वर्षीच्या शेंगा सांभाळत उभा असतो. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. जपानमधल्या त्या नदीकाठाला मात्र सगळी झाडं एकाच आठवड्यात फुलतात आणि पुढच्या आठवड्यात झडतात. जणू कुणीतरी ऑर्डर सोडली आहे.

याचं उत्तर एका वाक्यात सांगतो, मग ते उलगडू. ती शेकडो झाडं नाहीतच, ते एकच झाड आहे. त्याची जी गोष्ट आपल्याला एवढी आवडते, तीच त्याची सगळ्यात मोठी अडचणही आहे.

गुलाबाचे नातेवाईक

आधी ओळख. साकुरा हे गुलाबाच्या कुळातलं झाड. हे कूळ मोठं गोतावळ्याचं आहे. सफरचंद, नाशपाती, पीच, जर्दाळू, बदाम, सगळे त्यातलेच. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीसुद्धा याच घरातली. पाच पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा झुबका ही या घराण्याची साधी खूण.

साकुराच्या पाकळीच्या टोकाला बहुतेक वेळा छोटीशी खाच असते आणि खोडावर आडव्या रेघा असतात. या दोन खुणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

'साकुरा' हे एका झाडाचं नाव नाही. जपानच्या डोंगरांत चेरीच्या अनेक रानटी जाती आहेत. शिवाय माळ्यांनी शतकानुशतकं निवडून, जपून वाढवलेले शेकडो प्रकार आहेत. काहींना पाचच पाकळ्या, काहींना शंभराच्या घरात. काही पांढरे, काही गडद गुलाबी, काही चक्क हिरवट पिवळे. काहींच्या फांद्या वडाच्या पारंब्यांसारख्या खाली झुकलेल्या.

पण तुमच्या रील्समध्ये जे झाड दिसतं, ते बहुतेक वेळा या सगळ्यांतलं एकच असतं. त्याचं नाव सोमेई योशिनो. जपानमधल्या शाळा, बागा, नदीकाठ, देवळं, सगळीकडे सगळ्यात जास्त लावलेला साकुरा तो हाच.

नावातच मार्केटिंग

टोकियोचं जुनं नाव एदो. एदोच्या कडेला सोमेई नावाचं गाव होतं. आज तो भाग टोकियोच्या तोशिमा वॉर्डात येतो. हे माळ्यांचं गाव, घरोघरी रोपवाटिका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास इथल्या माळ्यांनी एक चेरी विकायला काढली आणि तिला नाव दिलं 'योशिनो साकुरा'.

आता योशिनो हा नारा भागातला डोंगर. साकुरासाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध, तीर्थक्षेत्रासारखा. पण तिथली झाडं यामाझाकुरा नावाच्या डोंगरी चेरीची, या नव्या झाडाशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे कुठल्याही आंब्यावर 'देवगड' असं स्टिकर लावून विकावं, तसाच प्रकार! हा गोंधळ पुढे एका अभ्यासकाच्या लक्षात आला. फुजिनो योरिनागा यांनी टोकियोच्या उएनो बागेतले साकुरा तपासले आणि १९०० साली या झाडाला वेगळं नाव दिलं: सोमेई योशिनो. गावाचं नाव पुढे लागलं आणि गोंधळ मिटला.

हे झाड म्हणजे दोन जातींचा संकर. एक पालक एदो-हिगान. त्याला पानं यायच्या आधी फुलं येतात आणि ते प्रचंड जगतं. यामानाशी भागात या जातीचं एक झाड आहे, ते दोन हजार वर्षांचं असल्याचं सांगतात. दुसरा पालक ओशिमा चेरी. भरभर वाढणारी, मोठ्या पांढऱ्या फुलांची. मुलाने दोघांचंही नेमकं हवं ते उचललं. पानाआधी फुलं येतात, त्यामुळे झाडावर फुलांशिवाय काही दिसतच नाही. फुलं मोठी आणि वाढही जोरदार. नव्या देशाला भराभर बागा, शाळा, रस्ते सजवायचे होते आणि हे झाड काही वर्षांतच फुलून दाखवत होतं. मग काय, सगळीकडे तेच.

म्हणजे 'हजारो वर्षांची जपानी परंपरा' म्हणून आपण जे दृश्य बघतो, त्यातलं फुलं बघायला जाणं खरोखर जुनं आहे. पण ते झाड आणि तो एकसारखा बोगदा जेमतेम दीडशे वर्षांचा आहे. त्याआधी लोक डोंगरावरच्या यामाझाकुरा बघायला जायचे. ती झाडं बियांपासून उगवलेली, त्यामुळे प्रत्येकाचा रंग थोडा वेगळा, दिवस थोडा वेगळा. फुलांचा मोसम एका आठवड्यात संपून जात नसे.

कलम म्हणजे कॉपी-पेस्ट

आता मुख्य मुद्दा. सोमेई योशिनो बियांपासून वाढवता येत नाही.

त्याचं कारण मोठं मजेदार आहे. या कुळातली बरीच झाडं स्वतःचे परागकण ओळखतात. परागकण स्त्रीकेसरावर पडला की त्यातून एक बारीक नळी खाली बीजांडाकडे वाढू लागते. स्त्रीकेसरातली प्रथिनं तपासतात की हा आपलाच आहे की बाहेरचा. आपलाच निघाला, तर ती नळी वाटेतच थांबवली जाते. स्वतःशीच लग्न नको, हा निसर्गाचा नियम. आता शेजारचं झाडही जनुकांनी तंतोतंत तेच असेल, तर त्याचे परागकणसुद्धा 'आपलेच' ठरतात. म्हणून सोमेई योशिनोच्या लांबच लांब रांगेत एकमेकांपासून फळ धरत नाही. जवळपास दुसऱ्या जातीची चेरी असेल तर थोडी फळं येतात, पण त्या बीपासून उगवेल ते सोमेई योशिनो नसेल, त्याचं मिश्र लेकरू असेल.

कोकणातल्या श्रोत्यांना हे शिकवायची गरज नाही. हापूसची कोय पेरली तर हापूस येत नाही, येतो तो रायवळ. गोड निघेल, आंबट निघेल, नशीब तुमचं. हापूस हवा असेल तर कलमच बांधायला लागतं. खुंट दुसऱ्या झाडाचा, काडी हापूसची.

सोमेई योशिनोचंही तेच. हिवाळ्यात झाड झोपलेलं असताना त्याच्या काड्या कापतात आणि त्या थंड, ओलसर जागी जपून ठेवतात. दुसऱ्या चेरीचं जोमदार रोप खुंट म्हणून घेतात. वसंताच्या तोंडावर खुंटाला खाच देऊन तासलेली काडी त्यात बसवतात आणि घट्ट बांधतात. दोघांच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना नीट भिडला पाहिजे, सगळी कला तिथेच आहे. जोड जमली की खालची मुळं खुंटाची आणि वरचं सगळं झाड सोमेई योशिनो. उन्हाळ्याच्या शेवटी डोळा भरूनही रोपं करतात. आपल्याकडे गुलाबाला भरतात ना, तसंच.

आता विचार करा. त्या झाडाच्या काडीपासून दुसरं झाड, त्याच्या काडीपासून तिसरं, असं दीडशे वर्षं चाललंय. १९९५ साली जपानी शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून हे पक्कं केलं की ही सगळी झाडं एकाच झाडाच्या प्रती आहेत. टोकियोतलं झाड, होक्काइदोतलं झाड, वॉशिंग्टनमधलं झाड, जनुकांच्या दृष्टीने सगळे एकच. मूळ झाड कधीच मेलं असेल, पण तेच झाड अजून जिवंत आहे, लाखो ठिकाणी उभं आहे.

म्हणूनच सगळे एकत्र फुलतात. घड्याळ एकच आहे.

६०० अंशांचा हिशेब

हे घड्याळ चालतं कसं? इथे बरेच जण एक गोष्ट उलटी समजतात. त्यांना वाटतं, ऊब वाढली की फूल येतं. हे अर्धंच खरं.

साकुराची कळी आदल्या उन्हाळ्यातच तयार होते. मग शरद ऋतूत ती गाढ झोपी जाते. ही झोप मोडायला ऊब नाही, थंडी लागते. काही आठवडे चांगली थंडी मिळाली की कळी आतून जागी होते आणि मग ऊब मोजायला लागते. थंडी हा पहिला अलार्म, ऊब हा दुसरा. पहिला वाजलाच नाही तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

दुसऱ्या टप्प्यासाठी जपानमध्ये एक सोपा ठोकताळा आहे. १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान बेरीज करत जायचं. बेरीज ६०० अंशांच्या आसपास पोचली की फुलं उमलतात. सरासरी कमाल तापमान १२ अंश असेल तर ५० दिवस लागतील, म्हणजे २२ मार्च. सरासरी १५ असेल तर ४० दिवस, म्हणजे १२ मार्च. फक्त तीन अंशांचा फरक आणि दहा दिवसांची तफावत! मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा.

जपानच्या हवामान खात्याने १९५३ पासून ठिकठिकाणची ठरावीक झाडं नेमून फुलांच्या नोंदी ठेवल्यात. टोकियोचं नेमलेलं झाड यासुकुनी देवस्थानाच्या आवारात आहे. अधिकारी रोज येऊन बघतो. पाच-सहा फुलं उमलली की टीव्ही कॅमेऱ्यांसमोर जाहीर करतो: फुलं आली! अख्ख्या देशाची बातमी होते. आणि हे शक्य होतं तेही झाड एकच असल्यामुळे. झाड सगळीकडे सारखं, त्यामुळे तारखेत जो फरक पडतो तो बहुतांशी हवेचा. साकुरा म्हणजे देशभर लावलेला एक थर्मामीटरच झाला की.

हा थर्मामीटर काय सांगतोय? टोकियोत १९९१ ते २०२० या काळाची सरासरी तारीख २४ मार्च. पण २०२०, २०२१ आणि २०२३ या तिन्ही वर्षी फुलं १४ मार्चलाच उमलली.

क्योतोची नोंद तर थक्क करणारी आहे. ओसाका प्रीफेक्चर विद्यापीठातले संशोधक यासुयुकी आओनो यांनी जुन्या दरबारी लोकांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशांमधून क्योतोतल्या बहराच्या तारखा गोळा केल्या. त्या मागे जातात थेट इ. स. ८१२ पर्यंत. या जुन्या नोंदी सोमेई योशिनोच्या नाहीत, डोंगरी यामाझाकुराच्या आहेत. २०२१ मध्ये क्योतोत पूर्ण बहर २६ मार्चला आला. त्याआधीचा सगळ्यात लवकरचा बहर होता २७ मार्चचा, वर्ष १४०९. सहाशे वर्षांचा विक्रम मोडला. तापमानवाढीचे आलेख आपण खूप बघतो. पण कुणीतरी सहज रोजनिशीत 'आज फुलं बघायला गेलो' असं लिहून ठेवलं आणि ते बाराशे वर्षांनी पुरावा ठरलं, हे मला जास्त हलवून जातं.

आता पहिल्या अलार्मचं काय? दक्षिणेकडच्या कागोशिमात हिवाळा इतका सौम्य होऊ लागलाय की काही वर्षी तिथली फुलं टोकियोच्या नंतर येतात. दक्षिण असूनही! कारण कळीची झोपच नीट मोडत नाही. ओकिनावात तर वेगळी, कमी थंडीवर भागणारी चेरी लावतात. ती जानेवारीत फुलते, आणि तिथे बहर उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो, बाकी जपानच्या अगदी उलट. उत्तरेला थंडी आधी लागते ना, म्हणून.

एकसारखेपणाची किंमत

लाखो झाडं एकच असतील तर एकाचा आजार तो सगळ्यांचा आजार.

एक रोग आहे, तेंगूसु नावाचा. बुरशीमुळे होतो. फांदीच्या एका जागी झाडूसारखा बारीक काड्यांचा गुच्छ फुटतो. त्या गुच्छाला फुलं येत नाहीत, नुसती पानं येतात आणि हळूहळू फांदी वाळते. सोमेई योशिनोला हा रोग पटकन धरतो. रानात बियांपासून वाढलेली झाडं असती तर काही बळी पडली असती, काही तगली असती. इथे ती सोय नाही.

दुसरा शत्रू म्हणजे लाल मानेचा एक काळा भुंगेरा. तो परदेशातून आलेला. २०१२ मध्ये आइची भागात त्याने केलेलं नुकसान लक्षात आलं आणि २०१८ मध्ये सरकारने त्याला घातक परकी प्रजाती म्हणून जाहीर केलं. त्याच्या अळ्या खोडात शिरून आतून झाड पोखरतात. झाडाच्या बुंध्याशी भुशाचा ढीग दिसला की समजायचं. आपल्याकडे आंब्याला खोडकिडा लागतो तशीच ही गत.

तिसरं म्हणजे वय. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने उभारणीच्या काळात एकदम प्रचंड झाडं लावली. एकदम लावली म्हणून ती एकदम म्हातारी झाली. त्यात गर्दी फुलं बघायला येते आणि मुळांवरच चटया टाकून बसते. साकुराची मुळं वरवर पसरणारी. माती दाबली गेली की त्यांना हवा मिळत नाही. जुनी, आतून कुजलेली झाडं उन्मळून पडण्याच्या घटना आता शहरांत घडतात.

एकसारखेपणाची आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकदम फुलणं, एकदम गळणं हे दृश्य युद्धकाळात जपानी सत्तेने सैनिकांच्या मरणाला जोडलं. पाकळीसारखं सुंदर, एकत्र गळून पडा, असं तरुणांच्या मनावर बिंबवलं. वैमानिकासकट शत्रूच्या जहाजावर आदळायच्या विमानाचं नाव होतं 'ओका', म्हणजे साकुराचं फूल. त्यात बसलेली मुलं तुमच्या-माझ्या वयाची होती. झाडाचा यात दोष नाही. पण सगळे एकसारखे, एका हुकमावर, हे चित्र कुणाला का आवडतं, हा प्रश्न मात्र पडतो.

बटाट्यात खोचलेल्या काड्या

मग यावर कुणी काही केलं का? केलं. तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कॉलिंगवूड इन्ग्राम या इंग्रज माणसाची. चेरीच्या इतका नादी लागलेला, की लोक त्याला 'चेरी' इन्ग्रामच म्हणायचे. केंटमधल्या बेनेन्डन गावी त्याची बाग होती. ससेक्समधल्या एका बागेत त्याला मरायला टेकलेलं एक चेरीचं झाड दिसलं. फुलं मोठी, पांढरीशुभ्र. त्याने काड्या आणल्या आणि कलमं केली. १९२६ मध्ये तो जपानला गेला. तिथे साकुराच्या एका जाणकाराने त्याला जुनं चित्र दाखवलं. ही पांढरी चेरी पूर्वी क्योतोजवळ होती, आता कुठेच सापडत नाही, असं तो सांगत होता. इन्ग्रामने चित्र बघितलं आणि ओळखलं. हे झाड तर माझ्या बागेत आहे!

मग काड्या परत पाठवायची खटपट सुरू झाली. समुद्रमार्गे पाठवलेल्या काड्या वाटेतल्या उष्णतेने वाया गेल्या. शेवटी काड्या बटाट्यात खोचल्या, म्हणजे ओल टिकेल, आणि सैबेरियातून जाणाऱ्या रेल्वेने पाठवल्या. १९३२ मध्ये क्योतोत कलम जगलं. त्या चेरीचं नाव ताइहाकु. जपानमधून नाहीसं झालेलं झाड इंग्लंडातल्या एका मरणपंथाच्या झाडामुळे परत आलं. सगळीकडे एकच साकुरा लावत सुटलात तर बाकीचे प्रकार हरवतील, ही इन्ग्रामची काळजी होती.

दुसरी गोष्ट वॉशिंग्टनची. १९१० मध्ये टोकियोकडून भेट म्हणून २,००० झाडं तिथे पोचली. तपासणीत कीड आणि सूत्रकृमी सापडले आणि अध्यक्ष टाफ्ट यांच्या संमतीने ती सगळी जाळून टाकली. केवढी नामुष्की! पण जपानने रुसवा धरला नाही. टोकियोतल्या अराकावा नदीकाठच्या नामांकित झाडांच्या काड्या घेऊन नवी कलमं बांधली, कीड राहणार नाही याची काळजी घेतली आणि १९१२ मध्ये ३,०२० झाडं पाठवली. १२ प्रकार, त्यात जास्त सोमेई योशिनो. आज वॉशिंग्टनचा जो बहर आपण बघतो त्याची ही सुरुवात. पुढे अराकावाकाठची मूळ झाडं युद्धाच्या काळात खराब झाली. तेव्हा १९५२ मध्ये वॉशिंग्टनच्या झाडांच्या काड्या जपानला परत गेल्या. फोनचा डेटा क्लाउडवर ठेवतो तसा बॅकअप म्हणा. कलमाची ताकदही इथेच दिसते. प्रत जपलीत, तर मूळ परत मिळतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती रोजच्या कामाची आहे. जपानी माळ्यांत एक म्हण आहे: साकुरा छाटणारा मूर्ख, आणि उमे न छाटणारा मूर्ख. उमे म्हणजे जर्दाळूच्या जवळचं झाड. साकुराची फांदी कापली की जखमेतून कूज आत शिरते, म्हणून कापू नये, असा समज. सोमेई योशिनोचं आयुष्य साठ वर्षं, असंही ठरून गेलं होतं.

उत्तरेकडच्या आओमोरी भागात हिरोसाकी नावाचं शहर आहे. आओमोरी हा जपानचा सफरचंदाचा जिल्हा म्हणा ना. तिथल्या माळ्यांनी विचार केला की सफरचंद आणि साकुरा एकाच कुळातले. सफरचंद आपण दरवर्षी छाटतो आणि ते नीट जगतं. मग साकुराला तसंच का करू नये? त्यांनी किल्ल्याच्या बागेतल्या झाडांची हिवाळ्याच्या शेवटी, बर्फात उभं राहून, शिस्तीत छाटणी सुरू केली. रोगट फांद्या काढायच्या, उजेड आत येऊ द्यायचा, कापलेल्या जागेवर औषध लावायचं, मग खत द्यायचं. छाटल्यावर नवी फांदी फुटते, आणि नव्या फांदीबरोबर झाडही तरुण राहतं. आज हिरोसाकीत १८८२ साली लावलेला सोमेई योशिनो उभा आहे आणि शंभरी ओलांडलेली अशी शेकडो झाडं आहेत. तिथला बहर इतका दाट असतो की खंदकाचं पाणी पाकळ्यांनी झाकून जातं.

साठ वर्षांचं आयुष्य हे त्या झाडाचं नशीब नव्हतं, ती आपली हयगय होती.

पुढे काय?

जपानच्या फूल संघटनेने २००९ पासून सोमेई योशिनोची रोपं विकणं बंद केलं. त्याऐवजी ते सुचवतात जिंदाई-आकेबोनो. हे झाड टोकियोच्या जिंदाई वनस्पती उद्यानात ओळखलं गेलं, अमेरिकेहून आलेल्या वंशातलं आहे. फूल जरा गडद गुलाबी, आकार थोडा आटोपशीर आणि तेंगूसु रोगाला कमी बळी पडणारं. बहराचा काळही जवळपास तोच.

पण थांबा. जिंदाई-आकेबोनोसुद्धा कलमानेच वाढतं. म्हणजे तोही एकच. उद्या सगळीकडे तोच लावला, तर पन्नास वर्षांनी हाच भाग मला पुन्हा रेकॉर्ड करावा लागेल! माझं मत विचाराल तर एका झाडाच्या जागी दुसरं एकच झाड हा उपाय अर्धा आहे. थोडे जिंदाई-आकेबोनो, थोडे यामाझाकुरा, थोडे ताइहाकु, असं मिसळून लावलं तर बहर एक आठवडा नाही, महिनाभर चालेल. एकाच वेळी फुललेला तो बोगदा मात्र दिसणार नाही. ही किंमत द्यायची की नाही, हे जपानी लोक ठरवतील. पण किंमत दोन्हीकडे आहे, एवढं नक्की.

तुमच्या इनबॉक्समधले प्रश्न

'मुंबईत विक्रोळीला हायवेवर चेरी ब्लॉसम आहे ना?' नाही हो. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरची ती गुलाबी झाडं टॅबेबुयाची. मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, कूळही वेगळं. फूल उचलून बघा, कर्ण्यासारखं असतं. साकुराच्या पाच सुट्या पाकळ्या, टोकाला खाच आणि खोडावर आडव्या रेघा यातलं काही सापडणार नाही. सुंदर आहेत, त्यांच्या खऱ्या नावाने कौतुक करू या.

'ऑनलाइन साकुराच्या बिया मिळतात, घेऊ का?' आता उत्तर तुम्हीच देऊ शकता. सोमेई योशिनोचं बी म्हणून जे काही विकलं जातं, त्यातून सोमेई योशिनो येणं शक्यच नाही. आणि चांगलं कलम मिळालं तरी पुण्या-मुंबईच्या हवेत पहिला अलार्म वाजत नाही. झाड जगेल कदाचित, फुलणार नाही. पैसे वाचवा.

'मग भारतात बघायचंच नाही का?' बघायचं की! हिमालयात आपली स्वतःची चेरी आहे, पद्मकाष्ठ. आयुर्वेदात हिचं नाव येतं. ती वसंतात नाही, नोव्हेंबरच्या आसपास फुलते. शिलाँगला त्यासाठी उत्सव भरतो. जपानच्या तिकिटापेक्षा हे नक्की स्वस्त पडेल.

आणि गावी आंब्याची बाग असेल, तर या सुट्टीत एक काम करा. आजोबांना किंवा काकांना विचारा, बागेत किती कलमं आहेत आणि रायवळ किती उरलेत. रायवळ तोडायचं चाललं असेल तर त्यातलं एखादं चांगलं झाड राखायला सांगा. हापूस हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या बागेत सगळी झाडं एकच असतात, तिथे एक वाईट वर्ष सगळ्यांना एकदम गाठतं.

तुमच्या गावातल्या रायवळाचं खास नाव असेल तर आम्हाला व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात वाजवू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू!